जिन्याच्या पलीकडची फरशी

खुर्ची आली ती रविवारी सकाळी. अमितनं ती खांद्यावर टाकून जिना चढवली, दारात उतरवली आणि नवा टीव्ही आणल्यासारखा हसला. स्टीलचे पाय, पांढरी प्लॅस्टिकची बैठक, बैठकीला भोक, भोकाखाली सरकवता येणारी निळी बादली. बाबुराव खाटेच्या कडेला बसला होता, दोन्ही हात वॉकरच्या दांड्यांवर, संडासला निघायच्या बेतात. त्यानं भोकाकडं बघितलं, मग मुलाकडं. "हे कोणासाठी?" त्यानं विचारलं, जसा काही घरात आणखी एखादा म्हातारा लपवून ठेवला होता. "तुमच्यासाठी, आणखी कोणासाठी?" अमित म्हणाला. "आता गॅलरीतनं जायची कटकट नाय. इथंच बसायचं. प्रिती बादली टाकून येईल." सून प्रिती मोरीत भांडी घासत होती. तिचा हात थांबला नाही, पण भांड्यांचा आवाज बदलला. जन्म एका खोलीत काढलेल्या माणसाला भांड्यांच्या आवाजावरून घर कळतं. त्यासाठी तोंड बघावं लागत नाही.

मग ती ठेवायची कुठं यावरून तासभर नाटक झालं. घोडपदेवच्या चाळीतली खोली ती केवढी. खिडकीशी ठेवली तर समोरच्या भिंतीवर बाबासाहेब. त्यांच्या नजरेसमोर बाप रोज हगायला बसणार, हे अमितला सोसेना. कपाटाजवळ सरकवली तर हाताच्या अंतरावर बुद्धाची मूर्ती. दाराशी ठेवली तर येणाऱ्याजाणाऱ्याला दर्शन. "पडदा लावूया," प्रिती म्हणाली. "कोणाला, बाबासाहेबांना?" बाबुराव म्हणाला, आणि प्रितीला हसू आलं, आणि अमित चिडला. "तुम्हाला मस्करी सुचते. परत पडलात तर? दुसरा खुबा मोडला तर? कोण करणार?" त्यात चूक काहीच नव्हतं. अमितचं कधीच काही चुकत नाही. शेवटी खुर्ची पडदा लावून कोपऱ्यात बसली, जिथं त्याच्या बायकोची, चंपाची, खाट होती. त्या कोपऱ्यातल्या भिंतीला अजून तेलाचा डाग आहे, चंपाच्या डोक्याचा. रंग दोनदा दिला, डाग वर येतो. चंपाला सगळ्यांनी जपलं. उठू नको म्हटलं, आम्ही आणतो म्हटलं, आम्ही करतो म्हटलं. पाणी तोंडाशी, घास तोंडाशी, भांडं अंगाखाली. इतकं जपलं की तिचे पाय ती जिवंत असतानाच मेले. मग पाठ सडली. शेवटी शेवटी ती चादरीखाली आपले पाय चाचपायची, जसं कोणी अंधारात चपला शोधतं. आणि सगळी चाळ म्हणाली, सुनेनं सोनं केलं हो म्हातारीचं. बाबुरावला तो डाग बघितला की एकच गोष्ट कळते. या कोपऱ्यात जो बसला तो उठत नाही.

आणि त्याच खोलीत एक दिवसाआड फिजिओवाली दर्शना येते आणि म्हणते, आजोबा, चाला. पोरगी वाईट नाही. घामाघूम होऊन चढते, पाणी पिते, पिशवीतून रबराचा पट्टा काढते. पाय उचला, धरून ठेवा, सोडा. टाच मागे, टाच पुढे. व्हेरी गुड. शाब्बास. आता खाटेपासून दारापर्यंत, आता दारापासून खाटेपर्यंत. बाबुराव दारापर्यंत जातो. दारात काय असतं? काही नाही. मग परत येतो. खाटेवर काय असतं? तेच, त्याच्या बुडाचा खड्डा. "तुम्हाला मोटिव्हेशनची गरज आहे, आजोबा," दर्शना एकदा म्हणाली, "मनातून इच्छा पाहिजे." बाबुरावनं विचारलं, "कशाची?" ती म्हणाली, "चालायची." "चालायची इच्छा कोणाला असते गं? माणसाला कुठंतरी जायची इच्छा असते." पोरगी बिचारी हसली आणि पट्टा गुंडाळायला लागली. ती दुसऱ्या घरी जाणार होती, परळला, तिथंही एक म्हातारं खाटेपासून दारापर्यंत चालणार होतं. म्हणजे सगळ्या गिरणगावात या घडीला म्हातारी माणसं दारापर्यंत जाऊन परत फिरतायत, आणि प्रत्येकाला कोणीतरी शाब्बास म्हणतंय.

हे चालणं त्याला नवीन नव्हतं, तोच तर राग होता. गिरणीत तो रिंग खात्यात होता. एका बाजूला सूत कातणाऱ्या चात्यांची रांग, दुसऱ्या बाजूला चात्यांची रांग, मधल्या बोळातून माणूस वर जातो, खाली येतो. धागा तुटला की बोटानं सांधायचा, पुढं सरकायचं. पाळीभर चालायचं आणि भोंगा झाला तेव्हा जिथून सुरुवात केली तिथंच उभं असायचं. अंगात कापूस, कानात कापूस, घरी येऊन चंपा केसांतून पिंजलेला कापूस वेचायची आणि म्हणायची, एक उशी होईल. पण तिथं पायाखाली निदान कारण होतं. धागा तुटत होता. तो नाही पोचला तर सूत वाया जात होतं, मुकादम आई काढत होता. पाय म्हणून हलत होते. आता गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आहे आणि अमित तिथं लिफ्टचं मेंटेनन्स करतो, दिवसभर लोक वरखाली नेणारी यंत्रं ठीक करतो आणि संध्याकाळी घरी येऊन आपला जिना पायानं चढतो. तो सांगत होता, तिथं वरच्या मजल्यावर काचेपाशी मशिनी लावल्यात, पट्टा पळतो आणि माणूस जागच्या जागी चालतो. "चालून चालून जातात कुठं?" "कुठं नाय, बाबा. फिट राहतात." त्याच जमिनीवर. बाबुराव किती तरी वेळ हसत होता, आणि हसता हसता त्याच्या तोंडाची चव गेली होती.

म्हणून संडासाची वाट त्याची होती. ऐकायला घाण वाटतं तर वाटू दे. दिवसातून एकदा त्याचे पाय काही कारणानं निघत, आणि ते कारण कोणी त्याच्या भल्यासाठी शोधून काढलेलं नव्हतं. पोटात कळ आली की शाब्बास म्हणायला कोणी लागत नाही. गॅलरी लांब, मधोमध जिना, आणि संडास पार पलीकडच्या टोकाला. तिथल्या शेवटच्या खणात नगरसेवकाच्या फंडातनं म्हाताऱ्यांसाठी कमोड बसवलेला. टाकी पहिल्या महिन्यातच बंद पडली, त्यामुळं पाणी आपलं आपण न्यायचं. दर्शनाला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, ते वेगळं आजोबा, एक्सरसाइज वेगळा. आणि अमित म्हणाला होता, ते बंद करू, एक्सरसाइज चालू ठेवा. म्हणजे कारण काढून घ्यायचं आणि नुसते पाय हलवायचे. या दोघांना एकत्र बसवून कोणीतरी विचारायला पाहिजे होतं की बाबांनो, माणूस आणि चातं यात तुम्हाला काही फरक दिसतो का?

जिन्याच्या अलीकडं आपल्या लोकांच्या खोल्या, पलीकडं कोकणातल्या मराठ्यांच्या. ही वाटणी कोणी केली ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण नळ अलीकडं असता तर आश्चर्य वाटलं असतं. नळही पलीकडं आणि संडासही. त्यामुळं तरुणपणापासून रोज सकाळी संडासाचा डबा भरून त्यांच्या दारांवरून जावं लागे. पलीकडच्या शामरावची आई, अंबिका, तेव्हा दारात बसलेली असायची. तोंडानं कधी वाकडं बोलली नाही. "काय रे बाबुराव, आज खंयची पाळी?" असं गोड विचारायची. तो पुढं गेला की मागून आवाज यायचा. तांब्यातनं फरशीवर पाणी. तो संडासातून परतला की पुन्हा. शिवी घातली असती तर उलटी घालता आली असती, दोन ठेवून देता आल्या असत्या. पाण्याला काय बोलणार? पाणी म्हणजे स्वच्छता, पाणी म्हणजे चांगली सवय. शामराव तेव्हा जवान, आतल्या खाटेवर बसून चहा पीत असायचा, आणि तो आवाज त्याच्या कानावरही पडत असायचा. एकाच गिरणीत होते दोघं. शामराव साचेखात्यात, मागावर, जिथं पगार जास्त. तिथं सुताची कांडी बदलली की धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढावं लागे, आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई, म्हणून तिथं आपली माणसं घेत नसत. बाबुराव लागला तेव्हा शिवाशिवीविरुद्धचा कायदा आला होता, पण मुकादम कायद्याला विचारून माणूस लावत नव्हता. जिथं तोंड लावायचं तिथं नको, जिथं पाय झिजवायचे तिथं चालतील. संपात मात्र दोघं एकाच वडापावचे दोन तुकडे करून खात होते. तेव्हा तोंडाचं कोणी काढलं नाही. भुकेनं कुठली कुठली धुणी बंद पाडली होती.

अंबिका गेली. पाणी राहिलं. शामरावच्या बायकोनं ओतलं, तीही गेली, आता सून बकुळा ओतते. बकुळा दादरची, चांगली शिकलेली, भीमजयंतीला प्रितीकडं हक्कानं जेवायला येणारी पोरगी. तिला कोणी सांगितलेलं नाही की ही फरशी सकाळी याच वेळेला का धुवायची. या घराची पद्धत म्हणून ती धुते, आता फिनेल टाकून. आणि त्याच फरशीवर, तिच्याच दारासमोर, गेल्या पावसाळ्यानंतर बाबुराव आडवा झाला. हातातला डबा गडगडत गेला, खुबा कडकन वाजला, आणि पडल्या पडल्या, दुखणं अजून वर यायच्या आधी, त्याच्या नाकात फिनेल शिरलं आणि डोक्यात एकच वाक्य आलं. अंबिके म्हातारे, शेवटी पाडलंस मला. बकुळा रडत होती. काका, काका, माझ्यामुळं. तिच्यामुळं काहीच नव्हतं. तिच्यामागं उंबऱ्यात शामराव उभा होता आणि तो फरशीकडं बघत होता. बाबुरावकडं नाही, फरशीकडं.

हॉस्पिटलातनं आल्यावर वॉकर मिळाला. वॉकरला दोन हात लागतात. मग डबा कुठल्या हातात? ज्यानं वॉकर शोधला त्याच्या घरात संडास असणार. सुरुवातीला प्रिती डबा घेऊन मागून यायची. पुढं सासरा, मागं सून, सुनेच्या हातात सासऱ्याचं ढुंगण धुवायचं पाणी, आणि गॅलरी बघतेय. दोघं एकमेकांशी बोलत नसत. ती घड्याळ बघायची, तो फरशी बघायचा. मग एका सकाळी शामराव जिन्यापाशी येऊन उभा. गुडघे वाकडे झालेले, बंडी, पट्ट्याची चड्डी. त्यानं प्रितीच्या हातातनं डबा घेतला. "तू जा गो, तुझी हापिसाची वेळ झाली." आणि बाबुरावला म्हणाला, "चल म्हाताऱ्या. मागसून येतंय मी." बस, एवढंच. त्या दिवसापासून तो यायचा. बाबुराव पुढं, टक टक वॉकर, आणि मागून डब्यातल्या पाण्याचा आवाज. तोच आवाज, फक्त आता ते पाणी ओतलं जात नव्हतं, नुसतं हलत होतं. बाबुरावला तो आवाज गोड लागायचा आणि मग त्या गोडीची चीड यायची. हा काय करतोय? पाप फेडतोय? माझ्या मोडक्या खुब्यावर पुण्य कमावतोय? एकदा ओल्या फरशीपाशी दोघं थांबले होते, वाळायची वाट बघत. शामराव मागून म्हणाला, "आयेची सवय ती. पोरींना काय म्हायत." बाबुराव वळला नाही. "तुला होतं की," तो म्हणाला. समोरच्या बिल्डिंगीवरच्या कावळ्यानं काहीतरी उचललं, टाकलं. मग शामराव म्हणाला, "होतं." आणि पुढं दोघांनी त्या विषयाचं नाव काढलं नाही. संडासाबाहेर शामराव उभा राहायचा आणि ओरडायचा, "झालं काय रे? की बसल्या बसल्या युनियनची मिटिंग लावलंस?" आत बाबुराव हसायचा. बाहेर येईपर्यंत तोंड पुन्हा कडू करून घ्यायचा.

आणि आता खुर्ची. बाबुराव चार दिवस तिच्यावर बसला नाही. पाचव्या दिवशी अंग मोडून आलं होतं, प्रितीला लवकर निघायचं होतं, अमितचा चेहरा पडला होता, आणि तो बसला. पडद्याआड. त्याला वाटलं होतं मेल्याहून मेल्यासारखं होईल. काहीच झालं नाही. सोपं होतं. पाय गार पडले नाहीत, खुबा ठणकला नाही, कोणाच्या दारावरून जावं लागलं नाही. उठला आणि पुन्हा खाटेवर पडला, आणि झोप लागली. वाईट काही वाटलं नाही, हेच सगळ्यात वाईट होतं. तो बसलेला असतानाच बाहेर शामरावची हाक आली होती, "म्हाताऱ्या, चल." प्रितीनं दारातनं सांगितलं, "काका, आता त्रास नको तुम्हाला. घरातच सोय केलीय." ती बिचारी चांगल्या मनानं म्हणाली. शामराव थोडा वेळ दारात थांबला. त्याची सावली पडद्यावर होती, हात लांब, रिकामा. "बरा झाला," तो म्हणाला. "बरा झाला मग." आणि फरफटत परत गेला. ती फरफट बाबुरावनं नीट ऐकली होती. पलीकडचं दार लागेपर्यंत ऐकली होती. पण ऐकून त्यातनं काही काढलं नव्हतं. माणूस खुर्चीवर बसला की दुसऱ्याचे पाय ऐकायचे विसरतो.

दुसऱ्या दिवशीही हाक आली, मग एक दिवस चुकली, मग बंदच झाली. बाबुरावला राग आला. बघ, संपलं याचं पुण्य. दर्शना येत होती, टाच मागे, टाच पुढे, पण पाय आता आळशी पोरांसारखे वागत होते, सांगितलं तेवढंच, तेही उशिरानं. दारापर्यंत जाताना मध्येच खाट जवळ वाटायला लागली. "आजोबा, तुम्ही आधी छान करत होतात," दर्शना म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात शाब्बास नव्हतं, काळजी होती. तिनं मांडीला बोटं लावून बघितलं. मांडीचं मांस सैल झालं होतं, पिळून टाकलेल्या फडक्यासारखं. बाबुरावनं कोपऱ्यातल्या डागाकडं बघितलं. एका सकाळी जाग आली तेव्हा त्याचे हात चादरीखाली आपले पाय चाचपत होते. त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं हात असे ओढून घेतले जसं काही आत साप होता. चंपा. अगदी असंच. त्यानं घसा खाकरला, कोणीतरी ऐकावं म्हणून मोठ्यानं. प्रितीनं विचारलं, "बसवू का?" तो म्हणाला, "नको." मग थोड्या वेळानं म्हणाला, "बसव."

त्याच आठवड्यात बकुळा आली. हातात वाटी, वाटीत शिरवाळे, नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया, वर दुसरी वाटी झाकलेली. खरं तर ती खुर्ची बघायला आली होती. तिनं पडदा बाजूला केला, बादली सरकवून बघितली, पाय हलवून बघितले. "मजबूत आहे हो. कुठून आणली?" तिनं प्रितीला विचारलं. "आमच्याकडं पण घ्यायचीय. बाबा हल्ली उठतच नाहीत. मध्यंतरी किती छान होते, सकाळी आपले आपण तयार होऊन जिन्यापाशी. डॉक्टर पण म्हणाले, गुडघे सुटायला लागलेत. आता परत टीव्हीसमोर. नळापर्यंत जा म्हटलं तर म्हणतात, कशाक? काल तर चड्डीतच..." ती थांबली, बाबुरावकडं बघून. "सॉरी काका." प्रिती म्हणाली, "आमच्या बाबांची बघून घ्या, खूप सोयीची आहे." दोघी पोरी खुर्चीच्या पायांना हात लावून उभ्या होत्या, चांगल्या, कष्टाळू, दमलेल्या पोरी, आणि दोघी मिळून दोन म्हाताऱ्यांना सोयीनं मारत होत्या. बाबुरावच्या कानात ती फरफट परत वाजली, सुरुवातीपासून, पलीकडच्या दारापर्यंत. कशाक. म्हणजे ते पुण्यबिण्य काही नव्हतं. असलं तरी तेवढंच नव्हतं. तो साला डबा उचलून चालत होता, कारण डबा उचलायचा होता. बाबुरावला संडास होता आणि शामरावला बाबुराव होता. "शिरवाळे खा काका, रस गार होईल," बकुळा म्हणाली. त्यानं वाटी खाली ठेवली.

संध्याकाळभर त्याचे हात काहीतरी करत होते. खिडकीच्या पडद्याची जाडी तार त्यानं ओढून काढली होती, खाटेच्या लोखंडी कोनात अडकवून वाकवली, पुन्हा वाकवली, एक टोक वॉकरच्या दांडीला बसेल असं, एक टोक डब्याच्या कडीला. बोटांना कोणी शिकवलं नाही. रिंग खात्यातला माणूस बिघडलेल्या मशीनला हाताला लागेल त्यानं चालू ठेवायचा, फिटर येईपर्यंत थांबलं तर मुकादम फाडून खायचा. "बाबा, पडदा कुठं गेला?" अमितनं विचारलं. "धुवायला," तो म्हणाला. अमित जेवणाचा डबा ठेवून पाण्याची बाटली शोधायला गेला. आज त्याच्या टॉवरची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती, आतल्या लोकांचं ओरडणं अजून त्याच्या कानात होतं. बाबुरावला त्याची दया आली. पोराला भीती आहे बस. बाप पडेल ही भीती, आणि न पडता नुसता पडून राहील ही त्याहून मोठी. दोन्ही भीतींवर एकच खुर्ची आणली त्यानं. करणार काय.

सकाळी बाबुराव उठला तेव्हा अमित पाळीवर गेला होता. प्रितीनं सवयीनं खुर्चीचा पडदा सरकवला. तो तिथं न थांबता मोरीपाशी गेला, डबा अर्धा भरला, वाकून तारेला अडकवला. एवढ्यानंच छाती भरून आली. "बाबा," प्रिती म्हणाली. तिच्या तोंडात पुढचं वाक्य होतं, पडाल, नको, मी येते, त्यातलं कुठलंही. तिनं त्याच्या मांड्यांकडं बघितलं, त्या थरथरत होत्या. मग ती बाजूला झाली आणि दार भिंतीला लागेपर्यंत उघडलं. तो निघाला. टक, पाय, पाय. डबा झुलत होता, पाणी सांडत होतं, त्याच्याच पायांवर, कोमट. पाय शिव्या देत होते. अलीकडची दारं गेली. जिना आला. जिन्यावरून खालून रस्त्याचा आवाज वर येत होता, टेम्पो, मासेवाली, कोणाचा तरी हॉर्न. इथं थांबावं असं वाटलं. इथून परत फिरलं तरी चाललं असतं, चालणं झालंच होतं, दर्शनानं शाब्बास म्हटलं असतं. तो पुढं गेला. आणि पलीकडच्या पहिल्या दारापाशी त्याच्या लक्षात आलं की आकडा धरतोय. तार वाकत नाहीये. म्हणजे आता त्याला कोणाची गरज नाही. हात मोकळा नसला तरी डबा येतो. तो एकटा जाऊ शकतो, रोज, मरेपर्यंत, कोणाच्या उपकाराशिवाय, कोणाच्या मागून येणाऱ्या पाण्याशिवाय. छातीत एक आडदांड आनंद उसळला. जन्मभर याचीच तर वाट बघितली होती, या दारांवरून असं जायची.

मग त्याला शामरावचं दार दिसलं. दारासमोर फरशी ओली. आत टीव्हीवर कोणीतरी भविष्य सांगत होतं. ते ऐकत कोण बसलंय ते त्याला न बघता कळत होतं.

बाबुराव ओल्याच्या अलीकडं थांबला. वाकायला त्याला फार वेळ लागला. त्यानं डबा तारेवरून सोडवला आणि कोरड्या फरशीवर ठेवला. मग आकडा दांडीवरून काढला. तो निघता निघेना. दातानं ओढला, हिरडीतून रक्ताची चव आली, निघाला. लेंग्याच्या खिशात टाकला. सरळ उभा राहिला आणि वॉकर फरशीवर आपटला.

"ए शाम्या! डबा कोण, तुझा बाप नेणार?"

टीव्हीवरचा माणूस बोलत राहिला. बकुळा बादली घेऊन दारात आली, तिच्या डोळ्यांत तो पडला त्या दिवसाची भीती तशीच. "काका, तुम्ही एकटे? थांबा, मी घेते डबा." "तू नको," बाबुराव म्हणाला. "त्याला सांग. मला दोन हात वॉकरला लागतात. तिसरा देवानं त्याच्याकडं ठेवलाय." "अहो काका, ते उठत नाहीत." "मग इथंच बसतो मी. तुझ्या दारात. पोटात कळ आलीय, सांगून ठेवतो." बकुळाला हसावं की रडावं कळेना. आतून आवाज आला, चिडका, झोपेतला. "बोंबलतंस कित्याक? खुर्ची हा ना तुका?" "मोडली," बाबुराव म्हणाला. खोटं. "मजबूत होती," बकुळा म्हणाली. "मोडली म्हटलं ना."

बराच वेळ काही झालं नाही. बाबुरावचे पाय आता पायच नव्हते, दोन काठ्या होत्या, कोणीतरी वरून हलवत होतं. आत खाट करकरली. मग थांबली. मग पुन्हा करकरली. शामराव दारात आला, चौकट धरून, बंडी उलटी घातलेली. त्यानं बाबुरावकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, मग मधल्या ओल्या फरशीकडं. ती लखलखत होती. बकुळा वाळायची वाट बघा म्हणाली. शामरावनं उंबऱ्यावरचं पायपुसणं पायानंच पुढं ओढलं, फरशीवर टाकलं, आणि एका हातानं भिंत धरून, वाकड्या गुडघ्याच्या त्या पायानं पुसायला लागला. मागं, पुढं. टाच मागे, टाच पुढे. त्याच्या कपाळावर घाम आला. बाबुराव बघत राहिला. मदत कर म्हणून त्यानं बकुळाला सांगितलं नाही, राहू दे म्हणून शामरावलाही सांगितलं नाही. पुसू दे. दारापासून कठड्यापर्यंत, सगळी. तिच्या सासूपासूनची, त्याच्या आईपासूनची. आपल्या आत गोड काय झालं आणि कडू काय झालं हे त्याला वेगळं काढता आलं नाही, आणि काढायची त्याला घाईही नव्हती.

फरशी कोरडी झाली. शामराव धापा टाकत वाकला, डबा उचलला. "अर्धोच भरलंस," तो म्हणाला. "पुरत नाय तुका." "नळावर भर मग. नळ तुमच्याकडं आहे." "हा. चल."

बाबुरावनं वॉकर पुढं टाकला. टक. मागून डब्यातलं पाणी हललं. खिशातली तार प्रत्येक पावलाला मांडीत घुसत होती. त्यानं ती काढून फेकली नाही.